चिखलातून पाय काढताना

खुर्चीत बसला असाल तर जरा पुढे सरका आणि अर्धवट उठा. बैठक खुर्चीपासून चार बोटं वर, हात मांडीला लावायचे नाहीत. तसेच थांबा. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी उजव्या हाताची मूठ आवळली तरी चालेल, फक्त आवळायची ती जोर लावून.

पहिले एक-दोन सेकंद विशेष काही वाटत नाही. मग मांडीच्या पुढच्या बाजूला ऊब येते. थोड्या वेळाने बारीक थरथर सुरू होते. ती थरथर नीट पाहा, तिच्याशी भांडू नका. आता बसा.

श्वासाकडे लक्ष द्या, असं इथे सांगणार नाही. श्वासावर पुष्कळ बोलून झालं आहे. इथे लक्ष द्यायचं आहे ते श्वास कामाला लागायच्या आधीच्या काही सेकंदांकडे. तुम्ही उठलात तेव्हा मांडीने फुप्फुसांची वाट पाहिली नाही. हवा आत जाणार, रक्तात मिसळणार, हृदय ते रक्त खाली ढकलणार, मग स्नायू हलणार, असं काही झालंच नाही. मनात आलं आणि तुम्ही उठलात. एवढ्या तातडीने बळ आलं कुठून?

स्नायूच्या तंतूंतले बारीक धागे एकमेकांवर सरकतात तेव्हा स्नायू आकसतो, आणि त्या सरकण्यासाठी एटीपी नावाचा रेणू खर्ची पडतो. एटीपीला तीन फॉस्फेट ओळीने लागलेले असतात. टोकाचा एक सुटला की काम होतं आणि मागे दोन फॉस्फेटांचा एडीपी उरतो. गंमत अशी की स्नायूत एटीपीचा साठा अगदीच तुटपुंजा असतो. पूर्ण जोर लावला तर तेवढ्यावर दोन-तीन सेकंद निघतील. पण जोर लावलेला स्नायू तपासला तर एटीपी फारसा घटलेला दिसत नाही. घटतं ते दुसरंच काही, त्याचं नाव फॉस्फोक्रिएटिन. ते एटीपीच्या तिप्पट-चौपट असतं. त्याच्याकडचा फॉस्फेट काढून रिकाम्या झालेल्या एडीपीला लावून द्यायचा, हे काम करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, स्नायूत जागोजागी बसलेलं असतं. क्रिएटिन कायनेज. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ते अजूनही ‘सीपीके’ या जुन्या नावाने येतं.

हे नाव थोडा वेळ बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात चला.

आषाढ सरत आला आहे. नवेगाव बांधाकडून येणारा वारा ओला आहे. बांधीत घोटाभर पाणी, त्याखाली वीतभर चिखल. पऱ्हे काढून त्यांच्या पेंड्या धुऱ्यावरून बांधीत फेकून ठेवल्या आहेत. दहा-बारा बायांची ओळ कमरेत वाकून रोवणी करते आहे. ओळ पुढे सरकत नाही, मागे सरकते. रोवलेल्या धानावर पाय पडू नये म्हणून.

ओळीतल्या एकीच्या उजव्या हाताकडे पाहा. डाव्या हातात पेंडी आहे. उजव्या हाताची बोटं तिच्यातून तीन-चार काड्या अलग करतात, अंगठा त्यांच्या मुळाशी टेकतो, हात पाण्यात शिरतो, अंगठा आणि दोन बोटं चिखलात दाबली जातात आणि सुटतात. एवढ्यात पुढच्या काड्या अलग झालेल्या असतात. पाण्यात राहून अंगठ्याची कातडी पांढरी पडली आहे, सुरकुतली आहे. नखाच्या कडेला चिखल कायमचा बसला आहे. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो दर वेळी फुगतो आणि सैल पडतो. तुमच्या अंगठ्याच्या बुडाशी बोट लावून अंगठा दाबून पाहा, कळेल.

आता नजर तिच्या पायांकडे आणा. मागे सरकायचं म्हणजे चिखलात रुतलेला पाय उपसायचा. चिखल तळव्याला धरून ठेवतो, सोडायला तयार नसतो. एक हिसका द्यावा लागतो, मांडीतून आणि नितंबातून. सेकंदभराचं काम, पण सेकंदभर पुरतं. पाय सुटतो, मागे टेकतो, पुन्हा रुततो. दिवसभरात असे किती हिसके बसतात ते कुणी मोजत नाही. गुत्त्याचे पैसे एकराच्या हिशोबाने मिळतात.

त्या एका हिसक्यात थांबा.

या मुलखातल्या माणसाला पाण्याची भाषा कळते, म्हणून त्या भाषेत सांगतो. मालगुजारीच्या काळातले मोठे तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, पाणी धरून ठेवतात. पण त्या तलावाचं पाणी पाटाने बांधीपर्यंत यायला वेळ लागतो. म्हणून बांधीच्या उशाला बोडी असते. लहान, उथळ, दोन-चार दिवसांची सोय. स्नायूत तसंच आहे. चरबी, साखर आणि प्राणवायू यांच्या जोरावर चालणारं काम मोठ्या तलावाचं, दमाने येणारं. फॉस्फोक्रिएटिन ही बोडी. क्रिएटिन कायनेज हे तिचं तुडूम, जिथून पाणी सोडतात ते दार. फरक एवढाच की तुडुमातून पाणी एकाच बाजूला जातं. या विकराला बाजू नाही. एडीपी साचला की ते फॉस्फेट इकडे देतं, एटीपी मुबलक झाला की तोच फॉस्फेट क्रिएटिनवर परत नेऊन ठेवतं. त्याला कुणी हुकूम देत नाही. समोर काय कमी आणि काय जास्त, एवढ्यावर त्याची दिशा ठरते.

तेही कुठेही तरंगत नसतं. स्नायूच्या तंतूत सारख्या अंतरावर खंड असतात, त्या प्रत्येक खंडाच्या बरोबर मध्यावर एक रेषा असते, तिला एम-रेषा म्हणतात. तिथे हे विकर घट्ट बसलेलं असतं, जिथे एटीपी खर्च होतो त्याच्या अगदी शेजारी. त्याचं भावंड असलेलं दुसरं विकर तंतुकणिकांमध्ये बसतं, जिथे एटीपी बनतो. दोघांच्या मध्ये क्रिएटिन ये-जा करत राहतं. म्हणजे जोराच्या हिसक्यातच नव्हे, अंगठ्याच्या हलक्या कामातही ही देवघेव चालूच असते.

आणखी आत जाऊ. त्या मांडीच्या एका तंतूत शेकडो केंद्रकं असतात, कडेकडेने रांगेत. प्रत्येक केंद्रकात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. त्यातल्या एकोणिसाव्याच्या लांब बाहूवर सीकेएम नावाचं जनुक आहे. आठ तुकड्यांत विभागलेला मजकूर. तो वाचून तुकडे जोडले की 381 अमिनो आम्लांची साखळी तयार होते, ती स्वतःभोवती गुंडाळली जाते, आणि अशा दोन साखळ्यांची जोडी जमली की विकर कामाला लागतं. हेच जनुक तिच्या कातडीच्या पेशीत आहे, डोळ्याच्या पेशीत आहे, तुमच्या नखाच्या मुळाशीही आहे. तिथे ते न उघडलेल्या पोथीसारखं पडून असतं. गर्भात काही पेशी स्नायू व्हायच्या वाटेला लागतात तेव्हा मायोडी नावाचं प्रथिन या जनुकाच्या अलीकडच्या जागेवर येऊन बसतं आणि वाचन सुरू होतं. मेंदूला दुसरं जनुक आहे, ते चौदाव्या गुणसूत्रावर. हृदयात दोन्हींचा थोडा मिलाफ आढळतो. त्यावरून डॉक्टर पूर्वी हृदयविकाराचा झटका ओळखत, आता ट्रोपोनिन तपासतात.

सीकेएम हे जनुकच नसेल तर? नेदरलँडमधल्या नायमेखनच्या संशोधकांनी उंदरांमधून ते काढून टाकलं आणि 1993 मध्ये निष्कर्ष छापला. उंदीर जन्मले, वाढले, चालले, त्यांची पिल्लंही झाली. पण त्यांच्या स्नायूंना एकदम जोराचा झटका देता येईना. रोजचं निभत होतं, हिसका नव्हता. मला हा निकाल फार बोलका वाटतो. जगायला हे जनुक लागलंच पाहिजे असं नाही. चिखलातून पाय काढायला मात्र लागतं.

इथे क्षणभर शांत बसा. मांडीतली ऊब आता गेली असेल. त्या वेळात आत काय घडलं ते पुढे येईल. त्याआधी एका माणसाची आठवण करायची आहे.

यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म 1895, भीमावरम, आंध्र. मद्रासला वैद्यकी शिकताना खादी घालून शस्त्रक्रियेच्या वर्गात गेले आणि इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली. एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कमी दर्जाची पदवी हातात पडली. पुढे बोस्टनला गेले. शिकताना पोट भरायला रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामं केली. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजायची एक रीत बसवली, ती 1925 मध्ये छापून आली. नमुन्यात रसायनं घातली की निळा रंग येतो. रंग जितका गडद तितका फॉस्फरस जास्त. रक्तावर ती नीट चालली. स्नायूचा अर्क घेतला तेव्हा मात्र रंग लगेच पूर्ण आला नाही. हळूहळू चढत राहिला.

हा उशीर कुणीही रीत चुकली म्हणून सोडून दिला असता. या दोघांनी तो सोडला नाही. रंग उशिरा येतो, म्हणजे काही फॉस्फेट कशाला तरी बांधलेला आहे आणि आम्लात हळूहळू सुटतो आहे. तो बांधलेला होता क्रिएटिनला. 1927 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. स्नायू उद्दीपित केला की हा पदार्थ घटतो, विसाव्यात पुन्हा भरतो, हेही त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी इंग्लंडात एगल्टन दांपत्याच्या हाती हाच पदार्थ लागला होता. 1929 मध्ये एटीपी सापडला, जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि बोस्टनला पुन्हा फिस्के-सुब्बाराव यांना. 1934 मध्ये लोमान यांनी दोघांमधली देवघेव उलगडली. त्याआधी स्नायू लॅक्टिक आम्लाच्या जोरावर आकसतो असं मानलं जाई. कोपनहेगनच्या लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूत ते आम्ल बनणंच थांबवलं, तरी स्नायू आकसत राहिला, आणि ती समजूत गेली.

सुब्बाराव यांना हार्वर्डने कायमची जागा दिली नाही. ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या देखरेखीखाली 1945 मध्ये फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार झालं, आणि 1947 मध्ये हत्तीरोगावरचं डायइथाइलकार्बामाझिन. पुढच्याच वर्षी, 1948 मध्ये, ते गेले.

आता रोवणीच्या ओळीकडे परत पाहा. गोंदियासह पूर्व विदर्भात हत्तीरोगाची मोहीम येते तेव्हा आरोग्यसेविका घरी येऊन समोर उभ्या राहून गोळ्या गिळायला लावतात. त्यातली डीईसी म्हणजे तेच डायइथाइलकार्बामाझिन. ओळीतली एखादी सून पोटुशी असते, तिला लोह आणि फॉलिक आम्लाची लाल गोळी मिळते. एखाद्या घरी सिकलसेलचं मूल आहे, त्यालाही फॉलिक आम्लाची गोळी आहे. आणि पाय उपसण्याच्या हिसक्यात जे खर्च होतं ते याच माणसाने बोस्टनमध्ये निळ्या रंगाच्या उशिरावरून ओळखलं होतं. गोळ्यांवर त्याचं नाव नसतं. भारतीय टपाल खात्याने 1995 मध्ये एक तिकीट काढलं होतं, तेवढंच.

बांधीत नुसत्या बाया नाहीत. धुऱ्याच्या बिळात खेकडा बसला आहे. उकरलेल्या मातीत गांडूळ आहे. पाण्यात बेडूक आणि बोटाएवढी मासोळी. दूर, उघड्या पाणथळीत, सारसांची जोडी. महाराष्ट्रात हा पक्षी पाहायचा तर गोंदियालाच यावं लागतं. थोडे शेजारच्या भंडाऱ्यात. उभा राहिला की माणसाच्या उंचीचा, आणि इतका जड की बसल्या जागेवरून उडता येत नाही. काही पावलं पळतो, पंख मारतो, मग जमीन सुटते.

त्या पळण्यातले पहिले सेकंद कुणाच्या जोरावर होतात? तिथेही फॉस्फोक्रिएटिनच. बेडकात आणि मासोळीतही तेच. पाठीचा कणा असलेल्या सगळ्यांची ही एकच सोय आहे. खेकड्याची वेगळी. तो क्रिएटिन वापरत नाही, आर्जिनिन वापरतो, आणि त्याच्याकडे आर्जिनिन कायनेज असतं. गांडुळाचं आणखी वेगळं, त्याच्या पदार्थाला लोम्ब्रिसिन म्हणतात. पदार्थ निरनिराळे, पण तिन्ही विकरांची घडण बघितली तर ती एकाच पूर्वजापासून निघालेली आहेत. फॉस्फेट अंगाजवळ साठवायचा आणि वेळेला एडीपीला द्यायचा, ही युक्ती कणा येण्याच्या पुष्कळ आधीची. खेकड्याने नांगी आवळली तर लक्षात ठेवा, त्याचं आणि आपलं जनुक फार दूरचे पण भाऊच आहेत. (त्याने वेदना कमी होत नाहीत.)

आता ओळीतली एक बाई उभी राहते. दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकते, तोंड वर करते, श्वास सोडते.

बघणाऱ्याला वाटतं, थांबली. मुकादम असेल तर हाक मारतो. पण तिच्या पाठीत नेमकं काय चाललं आहे ते पाहा. वाकून काम करताना कमरेच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू सतत आवळलेले असतात, आणि आवळलेल्या स्नायूत रक्त नीट शिरत नाही. फॉस्फोक्रिएटिन परत भरायला प्राणवायू लागतो. दंडाला पट्टा बांधून रक्त थांबवून पाहिलं आहे. तोवर त्यात भर पडत नाही, पट्टा सोडला की पडू लागते. म्हणून वाकल्या वाकल्या हळू काम केलं तरी ती उणीव पूर्ण भरून निघत नाही. सरळ उभं राहावंच लागतं. साधारण अर्ध्या मिनिटात गेलेल्यातलं निम्मं परत येतं, पुरतं भरायला तीन ते पाच मिनिटं. मघाशी तुमच्या मांडीतली ऊब गेली ती याच वेळात.

म्हणून मला वाटतं, त्या बाईचं कमरेवर हात ठेवून उभं राहणं हा कामाचाच भाग आहे. तिच्या शरीरात त्या क्षणी विकर उलट्या दिशेने चालू आहे. जो त्या अर्ध्या मिनिटावर डाफरतो तो पुढच्या हिसक्याचं बळ कापतो आहे, आणि त्याचा तोटा एकराच्या हिशोबातच निघेल. हे सांगायला विज्ञान हवं असं नाही. ओळीतल्या म्हाताऱ्या बायका कुणी न सांगता दर काही वेळाने उभ्या राहतात, आणि नव्या पोरी जिद्दीने वाकलेल्याच राहून संध्याकाळी रडकुंडीला येतात.

रोवणीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनी त्या पोरींचं रक्त तपासलं तर सीपीके वाढलेलं निघेल. सवय नसलेल्या कामाने तंतूंना बारीक चिरा पडतात आणि आतलं विकर रक्तात झिरपतं. आठवड्याभरात उतरतं. न उतरणारंही एक सीपीके आहे. सेत्सुरो एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये जपानमध्ये दाखवलं की स्नायू झिजण्याच्या आजारात मुलांच्या रक्तात हे विकर फार वाढलेलं असतं. डुशेनच्या आजारात ते नेहमीच्या दसपट-पन्नासपटही असतं. दोष सीकेएम जनुकात नसतो, एक्स गुणसूत्रावरच्या दुसऱ्याच जनुकात असतो. तंतूचं आवरण कमकुवत राहतं आणि विकर गळत राहतं. असं मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतं. सुरुवातीला तुम्हाला हात मांडीला लावू नका म्हटलं होतं, ते किती सोपं गेलं ते आठवा. पाच वर्षांचं पोर असं उठताना दिसलं तर आळशी म्हणू नका, सीपीके करून घ्या. स्वस्तातली तपासणी आहे.

शेवटी एका गळतीकडे लक्ष द्या, ती तुमच्यातही चालू आहे. सत्तर किलोच्या माणसात साधारण 120 ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं जवळजवळ सगळं स्नायूंत. त्यातलं दीड-दोन टक्के रोज आपोआप मोडून क्रिएटिनिन होतं आणि लघवीवाटे जातं. मूत्रपिंड नीट आहेत का हे पाहायला डॉक्टर जे मोजतात ते हेच. म्हणजे रोज दोन ग्रॅमच्या आसपास नवं क्रिएटिन हवं. त्याची सुरुवात मूत्रपिंडात आर्जिनिन आणि ग्लायसिनपासून होते, शेवट यकृतात मेथिओनिनच्या मदतीने. डाळीत, लाखोळीतही, मेथिओनिन कमी, भातात त्या मानाने बरं. दोन्ही एका ताटात आले की निभतं. ढिवरांकडून बोडीतली मासोळी आली त्या दिवशी तयार क्रिएटिनच पोटात जातं, शरीराचं काही काम वाचतं. झिंगे आले तर मात्र नाही. झिंग्याचं खेकड्यासारखंच, त्याच्याकडे आर्जिनिन असतं. त्यापासून पुढचं सगळं शरीरालाच करावं लागतं.